मुलाम्याखालचं पोलाद

४ मार्च

प्रिय वन्सं,

पार्सल आधी उघडलं असशील तर मोज्यावरून काय हसायचं ते हसून घे आणि मग पुढे वाच. मोजा तुझ्या दादाचा आहे, धुतलेला आहे. आत जो लोखंडाचा तुकडा आहे तो मी थिएटरच्या मागच्या दारातून पर्समध्ये लपवून आणलाय. उगाच नाही, ऐक.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे अपघात झाला. रंगमंचाच्या वर, छतालगत, ती लोखंडी तुळई तू पाहिलीयेस. तिला कप्प्या बोल्टांनी आवळलेल्या असतात, कप्प्यांवरून दोर खाली येतात आणि दोरांना दिव्यांचा आडवा पाइप टांगलेला असतो. त्यातल्या एका कप्पीचे दोन्ही बोल्ट भर दुपारी तुटले. कोणी दोर ओढत नव्हतं, वर कोणी चढलं नव्हतं. फटाके फुटावेत तसे दोन आवाज झाले आणि पाइपचं एक टोक धाडकन खाली. दिवेवाला तिथेच डबा खात बसला होता. बिचाऱ्याचा खांदा मोडला. सांडलेलं पुसायला बाजूला वाकला होता म्हणून डोकं वाचलं.

बोल्ट नवे होते आणि आदल्याच आठवड्यात तुझ्या दादाने स्वतःच्या हाताने आवळले होते. झालं. मुख्य मिस्त्रीचा हात जड, त्याने नको तितके पिळले, असं सगळे म्हणायला लागले. मॅनेजरने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. ज्याच्याकडे ठरलेल्या जोरावर टक् वाजणारा पाना आहे, आणि जो घरातला नळसुद्धा दोन बोटांनी बंद करतो, त्याचा म्हणे हात जड!

मला विचारशील तर कोणीतरी वर चढून करवत चालवली. कोण ते मी सांगणार नाही, पण त्याला सगळे लांब्या म्हणतात. दादाच्या हाताखालचा मिस्त्री, कायम दादाला पाण्यात पाहणारा. अपघातानंतर सगळ्यांत आधी शिडी धरून तोच उभा होता. इतकी घाई कशाची?

तू दिवसभर मोडक्या धातूंशीच बोलत असतेस. या तुटक्या बोल्टाला विचार, तुला कोणी कापलं म्हणून. फोन करू नकोस. फोन बैठकीत, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत अप्पा. त्यांना मी एवढंच सांगितलंय की दादाने रजा घेतलीय. आई गेल्यापासून ते आत्ता कुठे जरा माणसात आलेत. मागच्या शेडमध्ये त्यांचा जुना मुलाम्याचा उद्योग पुन्हा मांडलाय. बिजागऱ्या, किल्ल्या, पट्ट्यांची बक्कलं, दिसेल ते चकचकीत. परवा माझ्या केसांच्या पिना उजळून दिल्या. मी स्थिर उभी राहिले तर मलाही बुडवतील.

लवकर लिही. घरात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही.

तुझी वहिनी

९ मार्च

प्रिय वहिनी,

मोजा परत पाठवतेय. धुतला होता यावर माझा विश्वास नाही.

जेवणाच्या सुट्टीत, साहेबांच्या नकळत, तुझा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. करवत नाही, छिन्नी नाही. लांब्या दुष्ट असेल, पण हे त्याचं काम नाही. आणि दादाने जास्त पिळलाय असंही दिसत नाही. चांगला बोल्ट नको तितका पिळला तर तुटायच्या आधी ताणला जातो, मानेशी बारीक होतो. हा जराही ताणलेला नाही. साखरेचा खडा फोडावा तसा सरळ फुटलाय आणि आतून तसाच कणीदार दिसतोय.

असं तुटणं मी पाहिलेलं आहे. हायड्रोजन हा सगळ्यात बारीक वायू. पोलाद ॲसिडमध्ये बुडवून साफ केलं, किंवा विजेने त्यावर जस्ताचा मुलामा चढवला, की तो वायू पोलादाच्या आत शिरतो. साध्या, मऊ लोखंडाचं त्याने काही बिघडत नाही. पण हा बोल्ट साधा नाही, डोक्यावर १२.९ लिहिलंय, म्हणजे फार बळकट जातीचा. अशा पोलादाला तो वायू आतून ठिसूळ करतो. बोल्ट आवळला की जिथे ताण जास्त तिथे तो हळूहळू जमत जातो, आणि मग काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कोणी बोट न लावता बोल्ट तुटतो. मुलामा दिल्यावर लगेच भट्टीत घालून बराच वेळ तापत ठेवलं तर वायू निघून जातो. कारखान्यांत तसं करतात. हा ज्याने चमकवला त्याने ते केलेलं दिसत नाही.

आता माझा प्रश्न. या शिक्क्याचे बोल्ट मला माहीत आहेत. ते काळे येतात, तेल लावलेले. हा चांदीसारखा कसा? कारखाना आणि तुळई यांच्या मधे कोणीतरी तो ॲसिडमध्ये बुडवलाय. दादाला विचार. आणि हेही विचार की त्याने स्वतः मला का लिहिलं नाही. लहानपणी काच फुटली तरी तो आधी माझ्याकडे यायचा. आता एवढं होऊन गप्प बसलाय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तोपर्यंत एक कर. त्याच लॉटचे बाकी बोल्ट अजून वर असतील तर त्या रंगमंचावर कोणालाही पाऊल ठेवू देऊ नका.

तुझी,
लाडकी (असं तूच म्हणतेस) वन्सं

१३ मार्च

प्रिय वन्सं,

दादाला तुझं पत्र वाचून दाखवलं. हायड्रोजनपाशी आले तशी त्याने माझ्या हातातून ते ओढून घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन पुन्हा वाचलं, आणि पुन्हा. मी विचारलं, "बोल्ट चांदीसारखे कसे रे?" तर म्हणाला, "धाकटीला लिही, कोठीतून आले तसेच मी लावले." आणि माझ्याकडे पाठ. लग्नाला इतकी वर्षं झाली, याची पाठ खोटं बोलते तेव्हा मला कळतं.

म्हणजे तो कोणाला तरी सांभाळतोय. मी विचार केला, कोठीवाला? तो तर बूट काढायलाही उठत नाही, बोल्ट कशाला चमकवेल. मग लांब्याच! काळे बोल्ट लपवून त्याने हे चकचकीत ठेवले असणार. काल संध्याकाळी मी सरळ त्याच्या घरी गेले. तो नव्हता, बायको होती. तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विचार त्याने बोल्टांचं काय केलं. तिने मला पाणीही विचारलं नाही. मी जिना उतरले तरी वरून तिचा आवाज येतच होता, आणि काय बोलत होती ते मी तुला लिहिणार नाही.

दादाचं वागणं मला अजिबात पटत नाहीये. परवा शेडला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. म्हणे वाफांनी अप्पांचा खोकला वाढतो. अप्पांना कसला खोकला? ते सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून कुलपाकडे बघत बसतात. मी चहा दिला तर म्हणाले, "सूनबाई, तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवताय?" मी म्हटलं काही नाही. दुसरं काय म्हणणार?

आता महत्त्वाचं. मॅनेजर म्हणतो, हात जड पडला असं दादाने लिहून द्यावं, म्हणजे चौकशी मिटली. तुटलेल्या दोन बोल्टांच्या जागी दुसरे टाकायचे आणि पंचवीस तारखेला मुलांचं नृत्यनाटक ठरल्याप्रमाणे. आणि तुझा दादा लिहून द्यायला तयार आहे, पुढच्या आठवड्यातच! मी रडले, भांडले. इतकी वर्षं कमावलेलं नाव असं कोणी उकिरड्यावर टाकतं का? कोणासाठी?

तुझी वहिनी

१७ मार्च

वहिनी,

आज चेष्टा नाही. हे पत्र माणसाहाती पाठवतेय, उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं. "शेडला कुलूप" वाचलं आणि तुकडा पुन्हा काढला. तेव्हा मी फक्त मोडलेली बाजू पाहिली होती. आता डोक्याखाली पाहिलं. तिथे मुलाम्यात दोन बारीक फिकट वळी आहेत, एकमेकांना चिकटून. मुलाम्याच्या टाकीत वस्तू तारेने टांगतात, आणि तार जिथे टेकते तिथे मुलामा नीट चढत नाही. बाकीचे कारागीर एक वेढा देतात, नाहीतर आकड्याला अडकवतात. अप्पा नेहमी दोन देतात, वस्तू हलू नये म्हणून. माझ्या कंपासपेटीवर, आईच्या पेटीच्या कडीवर, आपल्या घरातल्या प्रत्येक चकचकीत वस्तूवर ती दोन वळी पाहत मी मोठी झाले. मायक्रोस्कोपची गरज नव्हती गं. मी उठून हात धुवायच्या खोलीत गेले आणि दार लावून रडले.

मला वाटतं झालं ते असं. कोठीत पडून काळे बोल्ट गंजले. दादाने ते डब्याच्या पिशवीतून घरी आणले आणि अप्पांना दिले. काम होईल, वर अप्पांना पुन्हा खरं काम केल्याचं सुख. त्यात वाईट काही नव्हतं. अप्पांनी जन्मभर मऊ लोखंड बुडवलं, त्याला कधी काही झालं नाही, त्यांना कुठून सुचणार? माझं पत्र वाचेपर्यंत दादालाही कळलं नसेल. ते कळल्यापासून तो अप्पांना सांभाळतोय.

पण त्या लिहून देण्याने काय होणार ते त्याला दिसतंय का? हात जड पडला म्हटलं तर दोनच बोल्ट बदलतील. बाकीचे सगळे वर राहतील, आणि खाली मुलं नाचतील. तो म्हणत असेल, मी नंतर गुपचूप बदलेन. त्याला आता वर चढू कोण देणार आहे?

मीही गप्प बसू शकले असते. तुकडा नोंदवलेला नाही, साहेबांनी पाहिलेला नाही. कालचा अर्धा दिवस मी त्याच विचारात घालवला, हे तुला कळलेलं बरं. शुक्रवारी सकाळी मी मॅनेजरला फोन करणार आहे. त्याआधी अप्पांना हे घरातल्या माणसाच्या तोंडून कळू दे. मॅनेजरच्या माणसाने दार वाजवून सांगावं असं मला नको.

दादाला सांग, मी त्याच्यावर रागावले आहे. आणि सांग की त्याच्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं.

वन्सं

२१ मार्च

प्रिय वन्सं,

शुक्रवारी तू फोन केलास तेव्हा मॅनेजर तुला काय म्हणाला ते तू सांगितलंसच. आता आदल्या दिवशी घरी काय झालं ते ऐक, तो ते सांगणार नाही.

तुझं पत्र मी दादासमोर टाकलं. वाचून तो खाली बसला. म्हणाला, "खरंय. मीच दिले त्यांना. इतके खुश होते गं, प्रत्येक बोल्ट फडक्याने पुसून ओळीने मांडत होते." मग म्हणाला हे पत्र जाळ. मी म्हटलं जाळते, आणि मुलं नाचायला लागली की तू खाली उभा राहा, चालेल?

आम्ही अप्पांना कसं सांगायचं यावर कुजबुजत होतो तेवढ्यात दारात तेच. कोट घालून, केस विंचरून. म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले ते मला सरळ सांगा. किती दिवस राहिलेत माझे?" वन्सं, त्यांना वाटत होतं की त्यांना काहीतरी मोठा आजार झालाय आणि आपण सगळे तो लपवतोय! धाकटीची पत्रं येतात, मी आलो की कागद लपतात, शेड बंद केली, मग दुसरं काय असणार? बिचारे मनाची तयारी करून आले होते. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला काही झालेलं नाही. बोल्टांना झालंय." आणि सगळं सांगितलं. तुझं पत्रही त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते चष्मा पुसून पुसून वाचलं. मधे एकदाच विचारलं, "त्या दिवेवाल्याचा कोणता खांदा?" मी म्हटलं उजवा. मग उठले, दादाला म्हणाले, "चल." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मॅनेजर आधी हसला. म्हातारा पोराला वाचवायला आलाय, असंच त्याला वाटलं. शिडी द्यायला तयार नव्हता. तेव्हा पुढे कोण आलं असेल? लांब्या. म्हणाला, "साहेब, मी चढतो. खोटं असेल तर एक दिवस वाया जाईल." त्याने एकेक बोल्ट सोडवून दोराने खाली पाठवला. अप्पा प्रत्येक हातात घेऊन डोक्याखाली बघायचे आणि म्हणायचे, "माझाच." तिसरा की चौथा सोडवताना पाना लावल्या लावल्या डोकंच निखळून लांब्याच्या हातात आलं. त्यानंतर मॅनेजर हसला नाही. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा त्याच्या टेबलावर ते डोकं होतं.

नाटक पुढे ढकललंय. दादाची नोकरी राहिली, पण मुख्य मिस्त्री आता लांब्या. न विचारता सामान बाहेर नेलं म्हणून. त्याबद्दल दादाची तक्रार नाही, आणि नोकरी राहावी म्हणून लांब्याच मॅनेजरशी भांडला असं कळलं. मी त्याच्या बायकोची माफी मागायला गेले होते. तिने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षा कमीच आहे.

अप्पा दिवेवाल्याला भेटून आले. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. शेडची किल्ली दादाने परत दिली तर म्हणाले, तुझ्याकडेच राहू दे. दिवसभर खुर्चीत बसून पुटपुटत असतात, बोटांवर काहीतरी मोजतात. मला भीती वाटते. तू त्यांना लिही.

तुझी वहिनी

२३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू केलंस ते योग्य केलंस. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

एक विचारायचं आहे. कारखान्यात मी जन्म काढला. आमच्याकडे ती तापवायची भट्टी नव्हती. बहुतेक माल साधा असे, पण शेवटच्या काही वर्षांत कडक स्प्रिंगा येत, काळे बोल्ट येत, दवाखान्याच्या खाटांचे भाग येत, एका झुल्यांच्या बागेचे आकडे आले होते. सगळं मी बुडवलं आणि चमकवून दिलं. आता रस्त्याने चालताना मी प्रत्येक चकाकणाऱ्या वस्तूकडे संशयाने बघतो. काल बागेत एक मूल झोक्यावर होतं, मी त्याच्या आईला उठवायला लावलं. तिला मी वेडा वाटलो.

त्यातलं काय काय मोडेल? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. तुला माहीत आहे ते लिही.

अप्पा

२७ मार्च

तीर्थरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

बक्कलं, बिजागऱ्या, खाटा, झोक्याचे साधे आकडे हे मऊ लोखंड. त्याला हा वायू काही करत नाही. ते सोडून द्या.

उरल्या स्प्रिंगा आणि कडक बोल्ट. मुलाम्यामुळे शिरलेला वायू घात करतो तो वस्तू ताणाखाली गेल्यावर थोड्याच काळात. दिवसांत, फार तर काही आठवड्यांत. ज्या वस्तू तुम्ही सोडल्यानंतर इतकी वर्षं जागेवर उभ्या आहेत, त्यांना त्या वायूचं भय आता नाही. हे मी तुमची मुलगी म्हणून लिहीत नाही. कोणीही विचारलं असतं तरी हेच लिहिलं असतं, आणि खाली सही केली असती.

तेव्हा झोक्यावरच्या मुलांना झोके घेऊ द्या. शेडची किल्ली परत घ्या. वहिनीच्या पिना अजून कितीतरी उरल्यात.

तुमची धाकटी

३१ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. जे उभं आहे ते उभं राहील, हे कळलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सूनबाईलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली आता तरी नीट जेवा.

पण धाकटे, जे तेव्हाच मोडलं असेल, त्याच्याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळ नाही. थोड्याच आठवड्यांत मोडतं म्हणतेस. मग कुठेतरी मोडलं असेलच. तेव्हा त्याच्या खाली कोण होतं? आणि कोणाचा हात जड ठरला? तिथे तुकडा तपासायला कोणाची बहीण नव्हती. हे तुला सुचलं नाही असं मी मानायला तयार नाही. मोज्यातून आलेल्या तुकड्यावर तू बापाचा हात ओळखलास. तू खोटं लिहिलं नाहीस, अर्धं लिहिलंस, आणि मला जपायला लिहिलंस. तुझ्या दादानेही तेच केलं होतं.

कडक माल देणारी गिऱ्हाइकं फार नव्हती. चौघांचे पत्ते मला अजून आठवतात. जाऊन विचारून यायचं म्हणतो, त्या वर्षांत तुमच्याकडे काय मोडलं आणि कोणाला घरी बसवलं. दादाला सांगितलं तर तो जाऊ देणार नाही.

रजा काढून ये. माझा एकट्याने जायचा धीर होत नाही.

अप्पा